न ठरवता निघा, पण घाट उजेडात उतरा

पाऊस ओसरायला लागला की वाचकांच्या पत्रांत भटकंती सुरू होते. या वेळी तर दोघांनीच गाडी काढून घाटात जाण्याबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकावर ठेवले आणि हे सगळे एकत्र घेतले.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही दोघं आयटीत, लग्नाला दोन वर्षं झाली. नवरा एकदम 'चल निघू' टाइपचा आणि मी बुकिंगचा मेसेज आल्याशिवाय बॅग न भरणारी. जुलैमध्ये शुक्रवारी ऑफिसमधून आला आणि म्हणाला कोकणात जाऊ, मीपण हो म्हटलं, साडेआठला निघालो, ताम्हिणीत शिरेपर्यंत दहा वाजून गेले आणि धुकं असलं की बॉनेटच्या पुढचं दिसेना, नेटवर्क नाही, पोटात काही नाही, मी रडायला लागले, तो माझ्यावर ओरडला, शेवटी माणगावात रात्री एकला कशीबशी एक रूम मिळाली. दोन दिवस बोललो नाही. आता तो म्हणतोय ऑक्टोबरात कोल्हापूरच्या बाजूचे घाट करू, असंच, काही न ठरवता. मला जायचंय पण भीती वाटते आणि नाही म्हटलं की मी बोअर ठरते. काय करू?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : जा. अगदी नक्की जा, आणि काही न ठरवताच जा. फक्त त्या रात्री नेमकं काय बिनसलं ते आधी दोघांनी बसून बघा. बुकिंग नव्हतं म्हणून तुमचं भांडण नाही झालं. दिवसभर काम करून दमलेली, भुकेली दोन माणसं रात्री दहाला घाटाच्या तोंडाशी पोचली आणि पुढे जायचं की मागे फिरायचं हे तिथे, तेव्हा, अंधारात ठरवायची वेळ आली, म्हणून झालं. तिथे कुणाचंही झालं असतं हो. कुठे जायचं हे मोकळं ठेवा, किती वाजता कुठे असायचं हे मोकळं ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणजे कसं, तर शुक्रवारी रात्री ठरवा हवं तर, पण निघा शनिवारी पहाटे पाचला. शुक्रवारी संध्याकाळी कात्रज-नवले पुलाचा ट्रॅफिक ओलांडण्यातच निम्मा जीव जातो, तेच पहाटे निघालात तर साताऱ्यात नाश्ता आणि दुपारच्या आत कोल्हापूर. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता, जिथे असाल तिथे, गाडी बाजूला घेऊन एकच प्रश्न : आज झोपायचं कुठे? ऑक्टोबरात सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि घाटातल्या झाडीत त्याच्याही आधी अंधारून येतं. पाचनंतर नवीन घाटात शिरायचं नाही. घाट समोर असेल तर अलीकडच्या गावात मुक्काम, सकाळी उतरू. हा नियम दोघांनी घरून निघतानाच मान्य केला की घाटाच्या तोंडाशी कुणी भित्रं ठरत नाही आणि कुणी हट्टी ठरत नाही, कारण निर्णय आधीच झालेला असतो.

आता तुमच्या नवऱ्याच्या कोल्हापूरच्या बाजूबद्दल. आवड चांगली आहे त्यांची! आम्ही दोघं त्या पट्ट्यात वरचेवर जातो आणि मला विचाराल तर न ठरवता फिरायला त्याच्यासारखा मुलूख नाही, कारण घाट जवळजवळ आहेत, एक बंद असला तर दुसरा असतो. कोल्हापूरपासून गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. वाटेतलं कळे गाव सोडलं की उसाची शेतं हळूहळू मागे पडतात, भाताची खाचरं येतात, हवा बदलते. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यामुळे ऑक्टोबरातही डोंगर ओला असतो. गावाच्या अलीकडे पळसंबे आहे, तिथे ओढ्यात एकेका अखंड दगडात कोरलेली छोटी देवळं आहेत, वरून झाडी, खालून पाणी. कुठल्या घाईच्या प्लॅनमध्ये ते बसत नाही, म्हणून तुमच्यासारख्यांनी ते बघावंच.

गगनबावड्यातून खाली कोकणात दोन घाट उतरतात. करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. करूळ घाट रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता आणि तेव्हा सगळी वाहतूक भुईबावडा नाहीतर फोंडा घाटातून फिरवलेली होती, तर सांगायचं हे की मोबाइलमधला नकाशा रस्ता दाखवतो, पण आज तो चालू आहे की नाही हे त्याला दर वेळी माहीत असतंच असं नाही. त्यासाठी माझा भरवसा एसटीवर. घाटाच्या अलीकडच्या शेवटच्या गावात चहा घ्या आणि टपरीवाल्या दादांना विचारा, "आज एसटी खाली गेली का?" गेली असेल तर जा. एसटी बंद असेल किंवा दुसरीकडून वळवलेली असेल तर काही कारण असतं, मग दरड आली असेल, झाड पडलं असेल, काहीतरी असतं, आपण छोटी गाडी काढून बघू म्हणायचं नाही. वरंध घाट तर पावसाळ्यात प्रशासनच कितीदा बंद ठेवतं, भोरपर्यंत जाऊन परत फिरलेली माणसं मी पाहिलीत.

खाली उतरलात की वैभववाडी, तळेरे, तिथून वाटलं तर विजयदुर्ग, नाहीतर कणकवली. जेवायचं असेल तर एक लक्षात ठेवा, घरगुती खाणावळीत किंवा होमस्टेत मासे सकाळीच आणलेले असतात, दुपारी बारा-एकला फोन करून "संध्याकाळी दोघं येतोय" एवढं सांगितलं तर पानात चांगलं काहीतरी येतं, रात्री नऊला दार वाजवलं तर डाळभातच मिळणार आणि तोही त्यांच्या चांगुलपणावर. परत येताना फोंडा घाटानं वर या, दाजीपूर, राधानगरी करत. राधानगरी धरण शाहू महाराजांचं, पाणी ठरावीक पातळीला गेलं की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात, थांबून बघण्यासारखी गोष्ट आहे. हा सगळा गव्यांचा भाग. गव्याचं अंग काळं, गुडघ्यापासून खाली पाय पांढरे, अंधारात हेडलाइट पडेपर्यंत एवढा मोठा प्राणी रस्त्यात उभा आहे हेच कळत नाही. दिसला तर हॉर्न वाजवायचा नाही, थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, मागे कळप असतो. पाचनंतर नवीन घाट नको म्हणते त्यात हेही एक कारण.

बॅग तुमच्या पद्धतीनं भरा. टाकी अर्धी झाली की भरून घ्या, सीएनजीवर असाल तर आधी पेट्रोल बघा, कारण घाटाच्या आसपास सीएनजी मिळेलच असं नाही. दीड-दोन हजार रुपये रोख, शक्यतो सुटे, कारण रेंज नसली की टपरीवर फोनवरून पैसे जात नाहीत. ऑफलाइन नकाशा. टॉर्च. आणि बायकांची अडचण कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहिते, हायवे सोडायच्या आधी चांगल्या पंपावर किंवा हॉटेलात जाऊन या, घाटाच्या रस्त्याला स्वच्छतागृह शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

आणि नाही म्हटलं की मी बोअर, हे डोक्यातून काढून टाका. पाच वाजता "इथेच राहू" म्हणणारं माणूस गाडीत असलंच पाहिजे.

प्रश्न : माझं ड्रायव्हिंग चांगलं आहे, शहरात रोज चालवते. पण घाट आला की मिस्टर म्हणतात "दे, मी घेतो". मी चालवलीच तर बाजूला बसून पाय दाबत राहतात आणि प्रत्येक वळणाला "ब्रेक, ब्रेक" सुरू. दिवाळीनंतर आंबोलीला जायचंय आणि मला घाट स्वतः चालवायचाय. कसं समजवू? आणि घाटात नेमकं काय वेगळं करायचं असतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते नीट जमलं की पहिल्याचं निम्मं काम होतं.

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नसतं. मिस्टर "ब्रेक, ब्रेक" म्हणतायत ते नेमकं उलट आहे! सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, जळका वास येतो आणि मग दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे बहुतेक वेळा दुसरा, कधी तिसरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा दाबायचा आणि सोडायचा. न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून कधीच नाही, कुणी कितीही पेट्रोल वाचतं म्हणालं तरी. ऑटोमॅटिक असेल तर 'डी'वर सोडून देऊ नका, मॅन्युअल मोड किंवा 'एल' असतं ते वापरा, घरून निघायच्या आधी एखाद्या उतारावर करून बघा. वास आलाच तर मोकळी जागा बघून गाडी थांबवा, अर्धा तास ब्रेक गार होऊ द्या, गरम चाकावर पाणी ओतू नका.

वळणावर आपली लेन सोडायची नाही, आतून कापायचं नाही, कारण समोरून एसटी किंवा ट्रक येत असेल तर त्याला वळायला जास्त जागा लागते. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, गाणी बंद ठेवा, समोरचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नुसता शिष्टाचार नाही, वाहतुकीचा नियमच आहे.

आंबोलीत धुकं. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी जागा ती, पाऊस गेल्यावरही सकाळ-संध्याकाळ ढग रस्त्यावर उतरलेले असतात. धुक्यात हाय बीम लावला की सगळा उजेड आपल्याच डोळ्यांवर परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम, फॉग लॅम्प असतील तर ते, आणि नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय तेच कळत नाही, ते उभ्या गाडीसाठी असतात. काच आतून धुरकट झाली तर एसी लावून हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू करा, फडक्यानं पुसत बसू नका.

आता मिस्टर. त्यांना बाजूला बसून काही करता येत नाही म्हणून ते पाय दाबतात. त्यांना खरंखुरं काम द्या. वळणावर डावीकडची दरी किंवा गटार किती लांब आहे ते सांगणं, दुकानांच्या पाट्या वाचणं, पुढे थांबायची जागा बघणं, टोलचे पैसे, फोन. आणि निघायच्या आधी ठरवून टाका की आजऱ्यापासून आंबोलीपर्यंत तुम्ही, खाली सावंतवाडीचा घाट तुम्ही, परत येताना ते, आणि जो चालवतोय त्याचा वेग तोच ठरवेल. चढाचा रस्ता आधी मिळाला तर हात बसतो, मग उतार सोपा जातो. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाशी नक्की थांबा, तिथल्या पाण्यात त्याच नदीच्या नावाची एक छोटी मासळी आढळली आणि त्यामुळे ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पाण्यात पाय घालून साबण-शाम्पू करणारे लोक असतात तिथे, त्यांना गोड शब्दांत सांगायला कचरू नका.

प्रश्न : आमचं लग्न ठरलंय, फेब्रुवारीत आहे. त्याआधी एकदा दोघंच माळशेज-भंडारदरा असं भटकायचंय. बुकिंग न करता गेलो तर रूम देतात का? पोलिसांची भीती असते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघंही सज्ञान असाल तर कायद्यानं काहीही बंदी नाही. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानंही हे स्पष्ट म्हटलंय की लग्न न झालेल्या दोन प्रौढ व्यक्तींनी हॉटेलच्या खोलीत राहणं हा गुन्हा नाही. पण कायदा एक आणि काउंटरवरचा माणूस दुसरा, काही ठिकाणी "लोकल आयडी चालत नाही" नाहीतर "फॅमिलीच देतो" असं सांगतात आणि संध्याकाळी सातला तिथे वाद घालून काही हाती लागत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत मी म्हणेन की त्याच दिवशी दुपारी का होईना, फोन करून सरळ विचारा : आम्ही दोघं, लग्न व्हायचंय, दोघांचे ओळखपत्र आहेत, चालेल ना? हो म्हणतील तिथेच जा. ओळखपत्र दोघांचंही मूळ ठेवा. आणि घरी कुणाला तरी, बहीण असेल, मित्र असेल, खरा रस्ता सांगून ठेवा. घाटात काही झालं तर शोधणाऱ्याला तुम्ही कुठे आहात हे माहीत हवं, त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न : आम्ही मनालीला चाललोय, पाच दिवस आहेत. तिथे गेल्यावर मूड लागला तर असंच पुढे लेहला जावं असं डोक्यात आहे. दोघंही फिट आहोत, ट्रेकिंग करतो. जमेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. आणि हे मी अगदी ठामपणे सांगते. सह्याद्रीत मूडवर जाता येतं कारण आपलं सर्वात उंच कळसूबाई १६४६ मीटर. मनालीच २००० मीटरच्या वर आहे, लेह ३५०० आणि मधे बारालाचा ला, तांगलांग ला या खिंडी, यातली तांगलांग ला ५३०० मीटरच्या पुढे. तिथे हवा विरळ, आणि शरीराला सवय व्हायला दिवस लागतात, तुम्ही किती ट्रेक केलेत याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो, धडधाकट तरुण मुलांनाही त्रास होतो. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं, चालताना तोल जाणं, हे सुरू झालं आणि वाढत गेलं तर औषध एकच, खाली उतरणं. पण त्या रस्त्यावर मधल्या टप्प्यात उतरायला खालची जागाच पटकन मिळत नाही, सरचूचा मुक्काम ४२०० मीटरच्या वर, पुढे-मागे दोन्हीकडे खिंडी. वाटेतल्या टांडी गावच्या पेट्रोल पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी त्या रस्त्यानं जाणारे सगळे ओळखतात, त्यावरूनच तो रस्ता किती एकाकी आहे ते कळेल. लेहला जायचंच तर वेगळी, मोठी सुट्टी काढा, श्रीनगर-कारगिलच्या बाजूनं चढा, त्या वाटेनं उंची हळूहळू वाढते, आणि जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

या वेळी मूड लागलाच तर मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे जा. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू झाला, नऊ किलोमीटरचा आहे, या तोंडाला देवदार आणि त्या तोंडाला एकदम उघडा, कोरडा लाहौल. सिस्सू, केलाँग, आणि भागा नदीच्या काठी जिस्पा. जिस्पा ३२०० मीटरच्या आसपास आहे, तिथे एक-दोन रात्री राहा, पाणी भरपूर प्या, पहिल्या दिवशी पळापळ आणि दारू नको. एवढ्यात तुमचे पाच दिवस भरून जातील.

प्रश्न : मला घाटात गाडी लागते. त्यामुळे नवऱ्याचा पण मूड जातो. गोळी घेतली की मी अख्खा रस्ता झोपून काढते. काही उपाय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : पुढच्या सीटवर बसा, नजर लांबच्या रस्त्यावर, फोन अजिबात बघायचा नाही, त्यानंच सर्वात जास्त होतं. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि मिसळ-वडे खाऊनही नको, पोहे किंवा भाकरीचा घास पुरे. काच थोडी उघडी, गाडीतला सुगंधाचा डबा काढून टाका. आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी तोंडात ठेवली की बऱ्याच जणींना बरं वाटतं. गोळीनं झोप येणारच, म्हणून ती फक्त लांबलचक घाटासाठी ठेवा, डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही, आणि त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. नवऱ्याला हे वाचायला द्या : वळणावर वेग कमी, अचानक ब्रेक नाही, आणि तिनं थांब म्हटलं की पुढच्या मोकळ्या जागी थांबायचं, "आता दोनच वळणं राहिलीत" म्हणायचं नाही. फक्त थांबताना कापलेल्या डोंगराच्या खाली नको, विशेषतः रस्त्यावर ताजे दगड-माती दिसत असतील किंवा कडेच्या गटारातून एकाएकी गढूळ पाणी यायला लागलं असेल तर तिथून आधी पुढे निघा, मग थांबा.